पावणेदोन सेंटिमीटरची उडी

१८ डिसेंबर २०१९. जेनोआच्या लुइजी फेरारिस स्टेडियमवर युव्हेंटस आणि सॅम्पदोरिया यांचा सामना, पहिला हाफ संपत आलेला. डावीकडून अॅलेक्स सँद्रोने उंच क्रॉस टाकला आणि क्रिस्तियानो रोनाल्डो वर उठला. चेंडूला डोकं लागलं तेव्हा ते जमिनीपासून २.५६ मीटरवर होतं. गोलपोस्टचा आडवा दांडा २.४४ मीटरवर असतो, म्हणजे रोनाल्डोचं डोकं दांड्याच्याही १२ सेंटिमीटर वर गेलं होतं. उडी ७१ सेंटिमीटरची होती, असं मोजमाप जाहीर झालं. त्याच्यासोबत आणखी एक आकडा जगभर छापला गेला : रोनाल्डो दीड सेकंद हवेत होता.

७१ सेंटिमीटर पटतात, दीड सेकंद पटत नाहीत. एकदा जमीन सुटली की माणूस कितीही मोठा खेळाडू असो, तो गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने वर जातो आणि त्याच हिशेबाने खाली येतो. हवेतल्या सेकंदांचा वर्ग करा, ९.८१ ने गुणा, ८ ने भागा. उडीची उंची मीटरमध्ये मिळते. दीड सेकंद घातला तर उत्तर येतं २.७६ मीटर. रोनाल्डो खरोखर दीड सेकंद हवेत असता तर त्याचे बूट आडव्या दांड्याच्या फूटभर वरून गेले असते. ७१ सेंटिमीटरच्या उडीला वेळ लागतो ०.७६ सेकंद. छापलेल्या आकड्याच्या निम्माच.

तरीही ज्यांनी तो गोल पाहिला त्यांचे डोळे खोटं बोलत नव्हते. वर जाताना वेग कमी होत जातो, त्यामुळे कुठल्याही उडीतला निम्मा वेळ तिच्या वरच्या पाव भागात जातो. रोनाल्डोच्या बाबतीत ०.७६ पैकी ०.३८ सेकंद फक्त वरच्या १८ सेंटिमीटरमध्ये गेले. शेजारचा बचावपटू क्षणभर उशिरा उडाला किंवा आधीच खाली यायला लागला की वरचा माणूस टांगून ठेवल्यासारखा दिसतो. दीड सेकंदाच्या दंतकथेपेक्षा हे मला जास्त थक्क करतं.

असा गोल झाला की मैदानाबाहेर ठरलेलं एक वाक्य ऐकू येतं : ‘काय पाय आहेत! पळायलाही असाच सुसाट असणार.’ पायांत स्प्रिंग आहे म्हणजे पोरगा पळणारही, हे फुटबॉलमध्ये गृहीतच धरलेलं असतं. त्यात तथ्य आहे. पण किती आहे, हे पाहायला गेलं की आकडे वेगळ्याच दिशेला नेतात.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहराचा रोझेनबोर्ग हा क्लब. उल्रिक विसलॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १७ आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंची ताकद, उडी आणि धाव मोजली आणि निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. या खेळाडूंचं सरासरी वजन ७६.५ किलो होतं आणि उभ्या उडीची सरासरी ५६.४ सेंटिमीटर. पहिले १० मीटर ते सरासरी १.८२ सेकंदांत काटत आणि ३० मीटर ४ सेकंदांत. वजाबाकी केली तर पुढचे २० मीटर २.१८ सेकंदांत, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरच्या वेगाने. आणि ५६.४ सेंटिमीटर उडी मारताना जमीन सोडतेवेळी शरीराचा वर जाण्याचा वेग असतो सेकंदाला ३.३३ मीटर, ताशी १२ किलोमीटर.

उडीत या खेळाडूच्या शरीराला मिळणारी ऊर्जा साधारण ४२३ ज्यूल. शेवटच्या २० मीटरमध्ये पळताना त्याच शरीरात असलेली गतिज ऊर्जा साधारण ३,२०० ज्यूल. साडेसातपट! पाय तेच, माणूस तोच. टॉटनहॅमचा डच बचावपटू मिकी व्हॅन डे व्हेन ३१ जानेवारी २०२४ रोजी ब्रेंटफर्डविरुद्ध ताशी ३७.३८ किलोमीटर वेगाने पळाला. प्रीमियर लीगमध्ये तोवर नोंदलेल्या वेगांत हा सगळ्यात मोठा. त्या क्षणी त्याच्या शरीरात असलेली सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलता आली असती, तर शरीर ५.४९ मीटर वर गेलं असतं. एकावर एक दोन गोलपोस्ट उभे केले तरी वर ६१ सेंटिमीटर उरतात. बांबू उडीवाले नेमकं हेच करतात. धावून मिळवलेला वेग ते बांबूच्या मदतीने उंचीत बदलतात. नुसत्या पायांनी हा बदल करता येत नाही.

एवढी ऊर्जा येते कुठून? उडीला एकच ढकल मिळते. धावेला प्रत्येक पावलागणिक एक, अशा वीसेक ढकला मिळतात आणि पहिल्या चार-पाच पावलांत वेगाची मोठी भर पडते. पूर्ण वेगात आल्यावर मात्र चित्र उलटं होतं. तिथे वेग वाढवण्याचं काम जवळपास संपलेलं असतं, पाय वेगळ्याच कामाला लागलेले असतात. शरीराला पुन्हा पुन्हा हवेत उचलून धरणं, हे ते काम.

ते एक पाऊल जवळून पाहू. ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या खेळाडूचा पाय जमिनीवर साधारण ०.१० सेकंद टेकतो, मग दोन्ही पाय साधारण ०.१२ सेकंद हवेत असतात. सेकंदाला साडेचार पावलं, प्रत्येक पाऊल सव्वादोन मीटरच्या पुढे. आता वरचंच सूत्र ०.१२ सेकंदांना लावा. उंची येते १.७७ सेंटिमीटर. फुटबॉलमधली सगळ्यात वेगवान धाव ही पावणेदोन सेंटिमीटरच्या उड्यांची माळ आहे. हा आकडा मी दोनतीनदा पुन्हा मांडून पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

उंची क्षुल्लक वाटते, पण तिची किंमत क्षुल्लक नाही. ०.२२ सेकंदांच्या प्रत्येक पावलात शरीराचं वजन पेलण्यासाठी जमीन मिळते फक्त ०.१० सेकंद. म्हणून सेकंदाच्या त्या दहाव्या हिश्श्यात एकट्या पायाला वजनाच्या सरासरी २.२ पट जोर लावावा लागतो. ७६.५ किलोच्या खेळाडूसाठी जवळपास १६८ किलोइतका. आता उभी उडी घ्या. खाली बसून वर उठताना पाय जमिनीला साधारण ०.३० सेकंद रेटत असतात आणि सरासरी जोर वजनाच्या दुपटीहून थोडा अधिक असतो. तो दोन पायांत वाटला जातो. एका पायाच्या वाट्याला शरीराच्या वजनापेक्षा थोडंसंच जास्त येतं. म्हणजे दोन पायांच्या उभ्या उडीत एका पायावर जेवढा भार येतो, त्याच्या दुप्पट भार धावताना पावणेदोन सेंटिमीटरच्या उडीत येतो. आणि त्यासाठी वेळ मिळतो एक तृतीयांश.

हा भार पेलण्यात स्नायूंच्या बरोबरीने पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेचा मोठा वाटा असतो. फिनलंडचे पावो कोमी यांनी या कंडरेवर बारीक मापक बसवून धावताना तिच्यावर येणारा ताण प्रत्यक्ष मोजला होता. तो ९,००० न्यूटनपर्यंत गेला, शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेबारापट. बोटाएवढ्या जाडीची ती कंडरा जवळपास नऊशे किलोंचा ताण सोसते, ताणली जाते आणि रबरासारखी परत आखडते. एका पावलात हे सगळं होऊन जातं आणि खेळाडूला त्याची जाणीवही नसते.

वेगवान माणूस पाय भराभर हलवतो म्हणून वेगवान असतो, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या पीटर वेयँड यांनी २००० मध्ये ३३ जणांवर केलेल्या अभ्यासाने हा समज मोडला. त्यातल्या सगळ्यात संथ माणसाचा कमाल वेग सेकंदाला ६.२ मीटर होता, सगळ्यात वेगवानाचा ११.१. पाय हवेतून मागून पुढे आणायला दोघांना लागणाऱ्या वेळेत फरक होता अवघा सेकंदाच्या तीन शतांशांचा. खरा फरक जमिनीवर लावलेल्या जोरात होता. वेगवान माणूस १.२६ पट जोर लावत होता. जोर लावणं हे उडीचंच काम, त्यामुळे उडी आणि धाव एकाच घराण्यातल्या आहेत हे इथपर्यंत पक्कं होतं.

पण याच वेयँड यांनी २०१० मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी लोकांना धावत्या पट्ट्यावर पूर्ण वेगात पळायला लावलं आणि मग एकाच पायावर, जमेल तितक्या वेगात लंगडी घालायला लावली. लंगडीत त्याच पायाने जमिनीवर लावलेला जोर धावण्यातल्या जोरापेक्षा ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त निघाला. पायात ताकद शिल्लक होती. धावताना ती वापरायला वेळच पुरत नव्हता, कारण लंगडीत पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला ०.३० सेकंद किंवा त्याहून अधिक लागतात, आणि पूर्ण वेगातली धाव त्याला ०.१० सेकंदाच्या वर देत नाही. उडी विचारते, किती जोर आहे? धाव विचारते, इतक्या वेळात किती जोर आहे?

धावेच्या सुरुवातीला मात्र हा फरक एवढा तीव्र नसतो. पहिल्या दोनतीन पावलांत पाय जमिनीवर ०.१७ ते ०.२० सेकंद टेकतो, अंग पुढे झुकलेलं असतं, गुडघा आणि नितंब खोल वाकून सरळ होतात. ही पावलं उडीच्या जवळची आहेत. रोझेनबोर्गच्या आकड्यांत तेच दिसतं. उडीची उंची आणि १० मीटरची वेळ यांच्यातला सहसंबंध ०.७२ होता; १ म्हणजे संपूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही. ३० मीटरला तो ०.६० वर उतरला. याचा वर्ग केला की कळतं, खेळाडू-खेळाडूंतल्या फरकाचा किती भाग उडीवरून सांगता येतो : १० मीटरमध्ये ५२ टक्के, ३० मीटरमध्ये ३६. उरलेले ६४ टक्के उडीच्या मापात मावत नाहीत.

याच १७ जणांमध्ये सगळ्यात जुळणारा आकडा उडीचा नव्हताच. खांद्यावर वजन घेऊन अर्धं बसून उठण्याची कमाल ताकद सरासरी १७१.७ किलो होती, शरीराच्या वजनाच्या सव्वादोनपट, आणि १० मीटरच्या वेळेशी तिचा सहसंबंध होता ०.९४. एवढा मोठा आकडा पाहिला की सगळ्या अकादम्यांनी मुलांना लगेच बारबेलखाली उभं करावं असं वाटू शकतं. इथे मला थांबावंसं वाटतं. १७ ही संख्या फार लहान आहे. १७ जणांवरून काढलेला ०.६० हा सहसंबंध संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या कक्षेत ०.१७ पासून ०.८४ पर्यंत कुठेही असू शकतो. एका टोकाला जवळपास नातंच नाही, दुसऱ्या टोकाला घट्ट नातं.

म्हणून मोठ्या आकड्यांकडे जावं लागतं, आणि तेही नॉर्वेनेच दिले. १९९५ ते २०१० या काळात तिथल्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात राष्ट्रीय संघापासून कनिष्ठ गटांपर्यंत ९३९ फुटबॉलपटूंची धाव आणि उडी मोजली गेली. २० मीटरमध्ये आघाडीचे खेळाडू सगळ्यात वेगवान निघाले. बचावपटूंपेक्षा १.४ टक्के, मधल्या फळीपेक्षा २.५ टक्के आणि गोलकीपरपेक्षा ३.२ टक्के. ३.२ टक्के कागदावर किरकोळ दिसतात. २० मीटरवर ते ६४ सेंटिमीटर होतात, आणि चेंडूपर्यंत आधी पोचायला खांदाभर अंतर पुरतं. उडीत मात्र गोलकीपर मागे नव्हते. उडीत मागे होती ती मधली फळी, इतरांपेक्षा साधारण २ सेंटिमीटरने. धावेत शेवटचा असलेला गोलकीपर उडीत आघाडीवाल्यांच्या पंगतीत बसतो. गोलकीपर रोज दोन पावलं टाकून वर झेपावतो. ३० मीटर सुसाट पळायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. शरीर जे रोज करतं त्यात तरबेज होतं.

गोल कशाने होतात, याचाही हिशेब झालेला आहे. जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये २००७-०८ च्या हंगामाच्या उत्तरार्धातले ३६० गोल तपासले गेले. १६१ गोलांच्या आधी गोल करणाऱ्याने सरळ धाव घेतली होती, ४५ टक्के. उडी होती ५७ गोलांच्या आधी, १६ टक्के. प्रमाण जवळपास तीनास एक. तरी त्या ५७ मध्ये उंच उडणाऱ्याइतकंच महत्त्व नेमक्या क्षणी उडणाऱ्याला असतं, हे आपल्याकडच्या एका सामन्यात फार छान दिसलं होतं. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला भारताने मालदीवला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल डोक्याने झाले. पहिला मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोचा, आणि तिसरा लिस्टनच्याच क्रॉसवर सुनील छेत्रीचा. छेत्री तेव्हा ४० वर्षांचा होता, निवृत्तीतून परतलेला, उंची १७० सेंटिमीटर. नॉर्वेच्या मोजणीत धावेचा वेग २० ते २८ या वयात सगळ्यात जास्त आढळला आणि पुढे उतरत गेला. चेंडू कुठे पडणार हे ओळखण्याची नजर मात्र कुठल्याच स्टॉपवॉचवर मोजता येत नाही.

उडी मोजण्याचीही एक गंमत आहे आणि पोरांची निवड करणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवायला हवी. इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत खेळाडू एका मॅटवर उभा राहतो, कमरेवर हात ठेवतो, झटकन गुडघे वाकवून वर उडतो आणि परत मॅटवर येतो. मॅट फक्त हवेतला वेळ मोजते. ४० सेंटिमीटरच्या आसपास एका सेंटिमीटरची किंमत सेकंदाचे सात सहस्रांश. उतरताना पोराने गुडघे थोडे दुमडले की पाय उशिरा टेकतात आणि न मारलेल्या उडीचे दोनतीन सेंटिमीटर फुकट पदरात पडतात. मधली फळी आणि बाकीचे यांच्यातला सगळा फरक २ सेंटिमीटरचा, हे आठवलं की या ढिलाईची किंमत कळते.

त्या ९३९ खेळाडूंच्या नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट आहे. २००६ ते २०१० मध्ये मोजलेले खेळाडू त्याआधीच्या वर्षांतल्या खेळाडूंपेक्षा २० मीटरमध्ये आणि कमाल वेगातही १ ते २ टक्क्यांनी वेगवान निघाले. २० मीटरवर २० ते ४० सेंटिमीटर. त्याच काळात उडीत काहीच फरक पडला नाही. उडीवरून वेग ओळखता आला असता तर दोन्ही रेषा बरोबर वर चढल्या असत्या. मुलांची निवड करताना नुसत्या उडीच्या आकड्यावर फुली मारणाऱ्या प्रशिक्षकांना ही नोंद दाखवावी असं मला मनापासून वाटतं. मॅटवर कमी उडालेल्या पोराला बाजूला काढण्याआधी त्याची १० मीटर आणि ३० मीटरची वेळ वेगवेगळी घ्यावी. शिवाय ३० सेंटिमीटरच्या खोक्यावरून खाली उतरून लगेच वर उडायला लावावं, आणि उंचीबरोबर पाय जमिनीवर किती वेळ टेकला तेही मोजावं. समजा दोघेही ३० सेंटिमीटर उडाले, पण एकाचा पाय ०.३० सेकंद टेकला आणि दुसऱ्याचा ०.२०. उंचीला वेळेने भागलं की पहिल्याला येतो १, दुसऱ्याला दीड. साध्या उडीच्या यादीत हे दोघे एकाच ओळीवर असतात; पूर्ण वेगातल्या धावेसाठी मी दुसऱ्याला निवडेन.